झाकलेल्या टोपल्यांचे कोठार

फार पूर्वी गोदावरीच्या काठी शाल्मली नावाच्या नगरात महीधर राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रिक. घर फार श्रीमंत नव्हते, पण अन्नाची ददातही नव्हती. वडील गेल्यावर तो दुकानावर बसू लागला. त्याचे माप भरलेले असे. मोजताना खाली सांडलेले दाणे तो गोळा करी, सुपात पाखडी आणि गिऱ्हाइकाच्याच टोपलीत टाकी. लोक लहान पोरांच्या हाती टोपली देऊन त्याच्याकडे बिनघोर पाठवीत.

दुकानाच्या मागे, भिंतीला भिंत लागून, नंदिक विणकराचे घर होते. दोघे लहानपणी एकाच डोहात पोहायला शिकले होते. नंदिकाची बायको रेवा, आणि लग्नाला पुष्कळ वर्षे होऊन गेल्यावर झालेली एकुलती मुलगी सामा. सकाळी बापाचा माग सुरू झाला की सामा उठून दुकानात येई, बोधिसत्त्वाच्या मांडीला टेकून बसे आणि मिसळलेल्या कडधान्यातून कुळीथ एकीकडे, मूग एकीकडे असे निवडीत राही. थोड्या वेळाने कंटाळली की सगळे पुन्हा एकत्र करून टाकी. बोधिसत्त्वाला मूलबाळ नव्हते. त्याची बायको सुधम्मा त्या पोरीची वेणी घाली आणि घालता घालता तिच्याशी जगभराच्या गप्पा मारी.

मग पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष कसेबसे निघाले. दुसऱ्या वर्षी नदीच्या पात्रात माणसे चालत जाऊ लागली. माती भिजवायला पाणी नाही म्हणून आळीतला कुंभार चाक बैलावर घालून बायकोच्या माहेरी निघून गेला. शेतकऱ्यांकडे निदान कंदमुळे उकरायला जमीन होती. विणकरांकडे तेही नव्हते. पोटाला चिमटा बसला की माणूस नवे वस्त्र घेणे सोडतो, आणि तो कुठल्या घरी उपास घडवतो आहे हे त्याच्या मनातही येत नाही. विणकर आळीतले माग एकेक करून थांबले. नंदिकाचा माग थांबला त्या दिवशी बोधिसत्त्वाला दुकानात बसल्या बसल्या चुकल्यासारखे वाटले. काय चुकले ते त्याला बऱ्याच वेळाने कळले.

नगरात मणिभद्र नावाचा मोठा श्रेष्ठी होता. त्याची कोठारे भरलेली होती. त्याने नगराच्या चौकात, आपल्या माडीसमोर, धान्य वाटायला सुरुवात केली. मणिभद्र दुष्ट नव्हता. आपल्या घराण्याचे नाव चार लोकांत निघावे एवढीच त्याला हौस होती, आणि लबाड माणसे फुकटचे नेतील अशी धास्तीही. म्हणून त्याने एक नियम केला होता. घेणाऱ्याने चौथऱ्यावर उभे राहायचे. नाव सांगायचे, आळी सांगायची, घरात माणसे किती ते सांगायचे. मग दवंडीवाल्याने ढोलावर काठी मारून ओरडायचे, "अमक्याच्या घरी अन्न नाही हो! श्रेष्ठी मणिभद्र त्याला जगवीत आहेत!" आणि घेणाऱ्याने सगळ्यांसमोर म्हणायचे, "खरं आहे." एका पुकाऱ्याला एक मापटे.

पुष्कळ लोक गेले. पुष्कळ गेले नाहीत. न जाणाऱ्यांत नंदिक होता.

बोधिसत्त्व रोज परसात आला की भिंतीवरून विचारी, "नंदिका, जेवलास का?"

"आत्ताच हात धुतला," पलीकडून उत्तर येई.

नंदिकाच्या घराच्या छपरातून वेळच्या वेळी धूर निघत असे. तो धूर पाहून बोधिसत्त्वाचे समाधान होई. बाकीच्या व्यापाऱ्यांनी भाव चढवले होते. त्याने चढवला नव्हता. आपल्याकडून होण्यासारखे आपण करतो आहोत असे त्याला वाटत होते.

सामा दुकानात यायची थांबली. रेवा म्हणाली, "तिला जरा कणकण आहे, भाऊजी." सुधम्मेने पेजेचे भांडे पाठवले. ते जसेच्या तसे परत आले. आमचे नुकतेच झाले, असा निरोप बरोबर होता. पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. मग सुधम्मेने पाठवणे सोडले.

एके दिवशी सकाळी बोधिसत्त्व दुकानाची फळी काढीत होता, तेव्हा नंदिक समोर येऊन उभा राहिला. त्याने अंघोळ केली होती. केस नीट बांधले होते.

"भद्रिका," तो म्हणाला, "सामा उठत नाही."

बोधिसत्त्व त्याच्याबरोबर गेला. घरात रेवा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर सामा होती. बोधिसत्त्वाने वाकून पोरीला उचलले आणि तो तसाच उभा राहिला. सारा जन्म तोलण्यात गेलेले ते हात होते. काय उचलले आहे ते त्या हातांना डोळ्यांच्या आधी कळले. त्याने मुलीला पुन्हा आईच्या मांडीवर ठेवले. मग तो चुलीपाशी गेला. चुलीत ओला पाला धुमसत होता. वर मडके होते. त्याने झाकण काढले. आत पाणी होते, आणि तळाशी चिंचेची थोडी पाने.

बाहेर आळीत बाया आपापल्या कामाला लागल्या होत्या. छपरातून धूर नेहमीसारखा वर जात होता.

सामाला नदीवर पोचवून आल्यावर दोघे मित्र ओट्यावर बसले.  बोधिसत्त्व म्हणाला, "माझं दुकान तुझ्या भिंतीला लागून आहे. मी रोज विचारत होतो."

"विचारत होतास," नंदिक म्हणाला. "जेवलास का, असं विचारत होतास. बाजूला तुझा गडी असायचा, गिऱ्हाइकं असायची. नाही जेवलो, असं मी कसं म्हणणार होतो? तू असतास तर म्हणाला असतास?"



"चौकात एकदा गेलो होतो," नंदिक पुढे म्हणाला. "रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे दोघेच होते. तेवढ्यात दवंडीवाल्यानं सासऱ्याच्या गावच्या एका माणसाचं नाव पुकारलं. मी परत फिरलो. उद्या जाऊ म्हटलं. रोज उद्या जाऊ म्हणत राहिलो."

"आणि पेज? सुधम्मा पेज पाठवत होती."

या वेळी दारातून रेवा बोलली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं, भाऊजी? भांड्यात घालायला घरात काही नव्हतं. म्हणून भरलेलंच परत करत होते."

बोधिसत्त्व घरी आला तो दुकानात गेलाच नाही. फळ्या लावून आत बसून राहिला. गिऱ्हाइके येऊन परत जाऊ लागली. सुधम्मेने त्याला काही दिवस तसेच राहू दिले. तिचेही डोळे सुजलेले होते. मग एका सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता उठा," ती म्हणाली. "या आळीत अजून बऱ्याच घरांतून धूर निघतो. आत काय शिजतं ते आपल्याला ठाऊक नाही."

"जाऊन विचारू?"

"विचारलं की काय उत्तर येतं ते तुम्ही ऐकलंत."

त्या शब्दांनी बोधिसत्त्व उठला. तो आळीतून सावकाश चालत गेला, टोकापर्यंत आणि परत. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बाजाराकडे जात होत्या. टोपल्यांवर फडकी टाकलेली होती. कोणाच्या टोपलीत काय आहे ते वरून कळत नव्हते. तो थांबून त्यांच्याकडे पाहत राहिला.

कुंभाराने सोडून दिलेली पडवी आळीच्या मध्यावर होती. बोधिसत्त्वाने ती झाडून घेतली. आपल्या कोठारातल्या धान्याच्या कणग्या तिथे नेऊन ठेवल्या. कोद्रू, नाचणी, कुळीथ, थोडे तांदूळ. दाराला एक जाड पडदा लावला. मग तो नगरातल्या बऱ्या घरांतून दारोदार फिरला.

"स्वयंपाकाला बसाल तेव्हा एक मूठ बाजूला ठेवा," तो सांगे. "टोपलीत घाला, वर फडकं टाका आणि कुंभाराच्या पडवीत या. आत एका वेळी एकानंच जायचं. ज्याच्याकडे आहे त्यानं ठेवून यावं. ज्याच्याकडे नाही त्यानं घेऊन यावं. येताना टोपली झाकलेली आणि जाताना टोपली झाकलेली. कोणी कोणाला काही विचारायचं नाही."

तेल्याने विचारले, "तिथं पहाऱ्याला कोण बसणार?"

"कोणीही नाही."

"मग एखादा सगळंच उचलून नेईल की!"

"नेईलही," बोधिसत्त्व म्हणाला. "ते नुकसान मला सोसेल. मी एक नुकसान पाहिलं आहे, ते सोसत नाही."

पहिले काही दिवस पडवीकडे कोणी फिरकले नाही. मग बोधिसत्त्व स्वतः भर बाजाराच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, झाकलेली टोपली घेऊन आत जाऊ लागला. सुधम्मा जाऊ लागली. तेलीण जाऊ लागली. भरल्या घरच्या बाया जाताना पाहिल्यावर बाकीच्यांचेही पाय तिकडे वळले. हळूहळू साऱ्या आळीची ती रीतच होऊन गेली. एकदा खरेच एक कणगी रातोरात तळापर्यंत रिकामी झाली. लोक चिडले, चोर शोधायला निघाले. बोधिसत्त्वाने त्यांना परत बोलावले आणि दुसरी कणगी आणून तिथे ठेवली.

नंदिक राजाच्या तळ्याच्या खोदकामावर जाऊ लागला होता. तिथे मजुरीला मूठभर धान्य मिळे. धाग्याची सवय असलेल्या त्याच्या बोटांना कुदळीने फोड आले, फोड फुटले, पुन्हा आले. रेवा रोज पहाट फुटल्यावर येऊन पडवी झाडी. तिने कोणाला विचारले नव्हते आणि तिला कोणी सांगितले नव्हते. ती झाडी, पडदा नीट करी आणि घरी जाई.

दुष्काळ मात्र संपला नाही. मुठी लहान होत गेल्या. ठेवणारे हात कमी झाले, घेणारे वाढले. बोधिसत्त्वाने आपले कोठार पडवीत ओतले. मग दुकानातला माल ओतला. मग घरातल्या कणगीतले नेऊ लागला. बाहेरगावाहून गाड्या यायच्या बंद झाल्या होत्या, त्यामुळे नवा माल येणार नव्हता.

एके दिवशी सुधम्मा म्हणाली, "आज कणगीत हात घातला तर तळ लागला. आज आपण आणायचं."

बोधिसत्त्वाने टोपली घेतली, तीवर फडके टाकले आणि तो पडवीत गेला. पडद्याआड कोणी नव्हते. कणगीत नाचणी होती, कालपरवा त्यानेच ओतलेली. तो कणगीपाशी उभा राहिला. हात पुढे करायचा होता, एवढेच. हात पुढे झाला नाही. आपण आत कशाला आलो आहोत हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नाही, त्याने स्वतःला बजावले. तरी भिंतींना डोळे आहेत असे वाटू लागले. घेतलेस, असे कोणीतरी म्हणेल. देणारा भद्रिक आता घेतो, असे म्हणेल. तो तसाच फिरला आणि रिकामी टोपली झाकून घरी आला.

सुधम्मेने फडके उचलून पाहिले. "संपलं?"

तो खोटे बोलत नसे. "आहे," तो म्हणाला. "माझा हात पुढं झाला नाही."

 सुधम्मेने टोपली काखेत घेतली. "तुम्हाला नुसतं द्यायचीच सवय," ती म्हणाली आणि गेली. थोड्या वेळाने ती नाचणी घेऊन आली आणि तिने आंबील केली.

त्या दिवशी आंबील पिताना बोधिसत्त्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पडद्याआड, एकट्याने, आपणच ठेवलेले धान्य घेताना आपली ही गत झाली. मग ढोल, दवंडी आणि सासऱ्याच्या गावचा माणूस यांच्यासमोर नंदिकाची काय झाली असेल? मित्राचे दुःख आपल्याला समजले आहे असे तो इतके दिवस मानीत होता. ते त्याला त्या दिवशी समजले.

पडवीतल्या कणग्यांचे तळ दिसू लागले तेव्हा एके सकाळी श्रेष्ठी मणिभद्र स्वतः आळीत आला. पालखी थांबवून तो खाली उतरला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"भद्रिका, मला एक सांग," तो म्हणाला. "माझं कोठार भरलेलं आहे. तुझ्या कणग्या रिकाम्या होत आल्या. तरी लोक तुझ्याकडे येतात, माझा चौक ओस पडतो. मी काय त्यांना विष देतो?"

"आपलं धान्य चांगलं आहे, श्रेष्ठी," बोधिसत्त्व म्हणाला. "पुकारा जड आहे. तो सोडा आणि धान्य इथं पाठवा. आपल्याला सगळ्यांचा दुवा लागेल."

मणिभद्र दुखावला. "वडिलांच्या हातचा चौथरा आहे तो. तिथली रीत मी मोडणार नाही. ज्याला हवं त्यानं यावं आणि उघडपणे मागावं. भुकेत लाजण्यासारखं काय आहे?"

बोधिसत्त्व जरा विचारात पडला. मग त्याने विचारले, "एकाच माणसानं पुन्हा पुन्हा नाव सांगितलं, तर प्रत्येक पुकाऱ्याला मापटं मिळेल?"

मणिभद्र हसला. "तेवढी छाती कोणाची असेल तर खुशाल घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी बाजार भरायच्या वेळी बोधिसत्त्व चौथऱ्यावर जाऊन उभा राहिला. दवंडीवाल्याने सारा जन्म त्याच्याच दुकानातून धान्य नेले होते. तो खाली पाहत पुटपुटला, "भद्रिकशेट, तुम्ही खाली उतरा. मी गुपचूप देतो."

"तुझा नियम मोडू नकोस," बोधिसत्त्व म्हणाला. "भद्रिक, विणकर आळीच्या तोंडाशी. घरात माणसं दोन."

ढोल वाजला. "भद्रिकाच्या घरी अन्न नाही हो! श्रेष्ठी मणिभद्र त्याला जगवीत आहेत!"

"खरं आहे," बोधिसत्त्व म्हणाला. आणि ते खरेच होते.

त्याने मापटे टोपलीत ओतून घेतले आणि तो पुन्हा तिथेच उभा राहिला. पुन्हा ढोल वाजला. पुन्हा तो म्हणाला, "खरं आहे." ऊन डोक्यावर आले तरी तो खाली उतरला नाही. टोपली भरली की सुधम्मा ती झाकून पडवीत नेई आणि रिकामी घेऊन येई. भोवती गर्दी जमली. कोणी हसले. कोणी म्हणाले, "देऊन देऊन नाव कमावलं, आता भीक मागून घर भरतो." कोणी म्हणाले, "बाहेर नेऊन विकत असणार." ज्या व्यापाऱ्यांबरोबर तो रोज उठबस करी ते तोंड फिरवून निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या श्रेणीची, म्हणजे व्यापारसंघाची, बैठक झाली आणि बैठकीतली त्याच्या वडिलांपासूनची जागा काढून घेतली गेली.

तो दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. लाज पहिल्या दिवशी आगीसारखी होती. नंतरही ती गेली नाही, पण ती अंगावर असताना उभे राहता येते हे त्याला कळले. पडवीतल्या कणग्या पुन्हा भरू लागल्या. आळीतल्या लोकांना ते धान्य कुठून येते हे ठाऊक होते. पडवीत शिरताना ते मान खाली घालीत. 

तळ्याच्या कामाला सुट्टी मिळाली त्या दिवशी नंदिक चौकातून घरी चालला होता. त्याने ढोल ऐकला. त्याने नाव ऐकले. तो गर्दीतून वाट काढीत पुढे आला आणि मित्राला चौथऱ्यावर उभा असलेला पाहून थबकला. बोधिसत्त्वाचे ओठ वाळले होते, पाय सुजले होते. "खरं आहे," तो म्हणत होता.

नंदिक चौथऱ्यावर चढला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. "भद्रिका, तू जरा बस," तो म्हणाला. "आता मी सांगतो."

"नंदिका, तुला गरज नाही."

"आहे." तो दवंडीवाल्याकडे वळला. "नंदिक विणकर. विणकर आळी."

दवंडीवाल्याने काठी उचलली. "घरात माणसं किती?"

"दोन," नंदिक म्हणाला. मग पुढे म्हणाला, "आधी तीन होती."

दवंडीवाल्याची काठी हातातच राहिली. आळीतले जे कोणी गर्दीत होते त्यांनी माना खाली घातल्या. माडीच्या सज्जात मणिभद्र बसला होता. तो उठून कठड्यापाशी आला.

"तिसरं कोण होतं?" त्याने विचारले.

"मुलगी. सामा." नंदिक वर पाहून बोलत होता. आवाज चढलेला नव्हता. "श्रेष्ठी, मी एकदा या रांगेत आलो होतो. माझा पुकारा होण्याआधी परत गेलो. आपल्याला मी दोष देत नाही. धान्य आपण ठेवलंच होतं. घ्यायला मलाच जमलं नाही. आज जमलं. आज ते तिच्या काही उपयोगाचं नाही."

  मणिभद्र सज्जातून आत गेला. बराच वेळ गेला. लोकांना वाटले, तो आता येत नाही. मग तो जिना उतरून खाली आला. अनवाणी होता. त्याने दवंडीवाल्याच्या गळ्यातून ढोल काढला आणि चौथऱ्याच्या कडेला ठेवून दिला. मग त्याने सुधम्मेच्या हातातली टोपली मागून घेतली, कोठारात जाऊन ती भरली, वर आपला शेला टाकला आणि तो एकटाच विणकर आळीकडे चालू लागला. श्रेष्ठीला टोपली डोक्यावर धरता येत नव्हती. ती सारखी एका बाजूला कलत होती. कोणी हसले नाही.

त्या दिवसापासून चौकातली दवंडी बंद झाली. श्रेष्ठीचे कोठार झाकलेल्या टोपल्यांतून पडवीत येऊ लागले. पुढच्या हंगामात पाऊसकाळ बरा झाला आणि नवे पीक हाती येईपर्यंत ते पुरले. व्यापाऱ्यांनी बोधिसत्त्वाला त्याची जागा परत देऊ केली. तो जाऊन बसला, रागावला नाही. पडवी मात्र त्याने मोडली नाही. सुकाळातही एखादे घर उपाशी असतेच, आणि ते कोणते हे कोणालाच ठाऊक नसते, असे तो म्हणे. मणिभद्र आपल्या जिवात जीव असेपर्यंत झाकलेली टोपली घेऊन येत राहिला. त्याचा व्यापार पुढे बुडाला, तेव्हा तो टोपलीत काही आणतो की काही नेतो हे कोणी कधी पाहिले नाही.

आळीतली बाकीची मुले जगली. ती मोठी झाली, मागावर बसू लागली. पडवीसमोर त्यांच्या धाकट्या भावंडांचा दिवसभर दंगा चाले. रेवा झाडून झाल्यावर कधी कधी त्यांच्याजवळ टेके, एखादीची सुटलेली वेणी घालून देई. ती हसत असे. मग काहीतरी काम आठवल्यासारखी ती उठे आणि घरात जाई. नंदिक पुन्हा विणू लागला. त्याचे कापड पूर्वीइतकेच चांगले होते. तो आणि बोधिसत्त्व म्हातारे होईपर्यंत संध्याकाळी एका ओट्यावर बसत.

पुढे बुद्धपद पावलेल्या शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात एका नव्या भिक्षूसाठी सांगितली. तो मोठ्या कुळातून आला होता. सोमिल त्याचे नाव. भिक्षेला निघाला की गृहस्थाच्या दारात त्याला पात्र पुढे करता येत नसे. तो रिकामे पात्र घेऊन परत येई आणि झाडाआड उपाशी बसे. कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा श्रेष्ठी मणिभद्र म्हणजे हा सोमिल. त्या वेळचा दवंडीवाला म्हणजे विहाराच्या दाराशी घंटा वाजवणारा उपासक पिंडोल. त्या वेळी माझ्याबरोबर टोपली वाहणारी सुधम्मा म्हणजे आज भिक्षुणीसंघात असलेली धर्मनंदा. नंदिक म्हणजे स्थविर वारण, जो उद्यापासून भिक्षेला सोमिलाच्या पुढे चालेल. रेवा म्हणजे श्रावस्तीतली उपासिका कुवलया, जी दारात आलेल्याला नाव विचारीत नाही. आणि भद्रिक तो मीच होतो."

सामा पुढे कुठे जन्मली हे शास्त्यांनी सांगितले नाही. स्थविर वारण ओंजळीत तोंड धरून बसले होते, त्यांनी विचारले नाही.

थोड्या वेळाने शास्ता म्हणाले, "धान्य देणे हे त्या जन्मातले लहान काम होते. ते दान होते, आणि ते मी पूर्वीही अनेकदा केले होते. दुसऱ्याच्या वाट्याची लाज मी आपल्या अंगावर घेतली आणि ती घेऊन राग न धरता उभा राहिलो, ते मात्र त्या जन्मात प्रथम घडले. त्या जन्मी मी जी पूर्ण केली ती क्षांतीची, म्हणजे सहनशीलतेची, पारमिता."